गुलाबभाऊंचा जबाब

गुलाबभाऊ, लक्षात आलं होतं.

हे तीन शब्द मी आजवर कोणाला सांगितले नाहीत. बायकोला नाही, वडील होते तोवर त्यांना नाही, आणि सकाळी पूजेला बसल्यावर मनातल्या मनातसुद्धा नाही. तुम्ही मला एकदाच विचारलं होतं, कचेरीच्या मागच्या पायऱ्यांवर बसून. मी म्हणालो होतो, "लक्षात नाही आलं, गुलाबभाऊ." तुम्ही मान हलवली, टोपी सारखी केली आणि उठून गेलात. ते उत्तर खोटं होतं. तुमची तेरवी होऊन चार दिवस झाले, आणि खरं उत्तर मी आत्ता लिहितो आहे. ऐकणारा निघून गेल्यावर खरं बोलायला फारशी हिंमत लागत नाही, हेही मला कळतं.

वच्छलावहिनींचा फोन आला तेव्हा मी अमरावतीत, ऑफिसातून निघून स्कूटरवर होतो. गाडी कडेला घेतली. "बाबूजी, हे न्हानीत पळले," वहिनी म्हणाल्या.

आपल्या वऱ्हाडी बोलीत ड चा ळ होतो. गाडीची गाळी होते, थोडं असेल ते थोळं होतं आणि पडलेला माणूस पळलेला असतो. न्हाणीत पळले म्हणजे न्हाणीत पडले. आपल्याकडे हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पण रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या मला त्या क्षणी तो शब्द पुस्तकी मराठीत ऐकू आला. पळाले. गुलाबभाऊ कुठेतरी निघून गेले, आता परत भेटायचे नाहीत. आणि वहिनी तिकडे रडत असताना माझ्या मनात आलं, चला, सुटलो. लगेच अर्थ जागेवर आला, मी विचारलं, "कितपत लागलं?" पण त्याआधीचा तो एक क्षण होता. आज काही गाळायचं नाही असं ठरवून बसलो आहे, म्हणून तोही लिहिला.

त्या जबाबापासून हा शब्द मला कधी एकदाच ऐकू येत नाही. दोनदा येतो. गल्लीत एखादं लेकरू गुडघा फोडून घेतं, "आई, मी पळलो" म्हणून भोकाड पसरतं, आणि इकडे माझ्या हातातला घास तसाच राहतो.

गावात तुमची ओळख नगरपरिषदेतले शिपाई अशी होती. तुम्ही स्वतःला झेंडेवाला म्हणवून घ्यायचे. आपल्या कचेरीवर रोज झेंडा लागायचा. उगवतीला वर, मावळतीला खाली. रविवार असो, दिवाळी असो, पाऊस असो. तुमच्या मळ्यातून सायकलवर तुम्ही उजाडायच्या आत यायचे, जिन्याचं दार उघडायचे, गच्ची, मग जिन्यावरच्या खोलीच्या छतावर चढायची ती लोखंडी शिडी, आणि वर खांब. मी तेव्हा तिथे आस्थापना लिपिक होतो, म्हणजे सगळ्यांची सेवापुस्तकं सांभाळणारा पाठकबाबू. पहिल्या वर्षी मी तुम्हाला म्हणालो होतो, "रविवारी कोण बघतंय, गुलाबभाऊ? शनिवारी लावून सोमवारी उतरवला तर काय बिघडतं?"

"रविवारी सूर्य सुट्टीवर राह्यते का, बाबूजी?"

आपला वाद तिथून सुरू झाला आणि अजून संपलेला नाही. मी म्हणायचो, शेवटी कापड आहे. तुम्ही म्हणायचे, "तुमच्या बाबांचं सोवळंबी कापडच हाये. घाला पाहू त्याच्यावर चप्पल." माझे वडील भिक्षुकी करायचे.

मग तुम्ही ते ध्वजसंहितेचं पुस्तक घेऊन आलात. मुंबईहून सगळ्या कचेऱ्यांना आलेलं, कपाटात पडून होतं. दुपारच्या डब्यानंतर मी वाचायचो आणि तुम्ही त्याचं वऱ्हाडी करायचे. झेंडा चटकन वर न्यायचा आणि समारंभपूर्वक सावकाश उतरवायचा, असं मी वाचलं.

"समारंभपूर्वक म्हंजे?"

"म्हणजे मानानं. घाई न करता."

"मंग सरळ तसं काहून नाई लिवत?" आणि तुम्हीच पुढे, "माय बसते ना खाटल्यावर, तिले हात धरून उतरोतो, तसं."

पुढे वाचलं की त्याच खांबावर दुसरा कोणताही झेंडा लावायचा नाही, त्याच्यापेक्षा उंच लावायचा नाही, बरोबरीनंही लावायचा नाही. सरकारी इमारतीवर तर नाहीच. तुम्ही बोटं दुमडत एकेक कलम मनात ठेवलं आणि म्हणालात, "म्हंजे त्याच्यावर फक्त आभाय." पुस्तकातलं आख्खं पान तुम्ही तीन शब्दांत आटोपलं, वर फक्त आभाळ. मी हसलो. त्या कचेरीत ते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेला मी एकटा होतो आणि ऐकलेले तुम्ही एकटे. हे पुढे महत्त्वाचं ठरणार होतं.

आणखी एक हसण्याची गोष्ट. घाटावरून बदलून आलेले मुख्याधिकारी होते, नवे. पावसात टाकीजवळची भिंत ढासळली आणि तुम्ही धावत आत आलात. "साहेब, भित पळली!"

साहेब चष्म्यावरून बघत राहिले. "भिंत पळाली? कुठे गेली?"

सगळी कचेरी हसली. तुम्हीही हसला. "तुमच्या गावच्या भिती पळत नाईत का, साहेब? मजबूत असतीन."

मी साहेबांना समजावून सांगितलं, ड चा ळ, पडली म्हणजे पळली. साहेबांनी कपाळावर हात मारला. तेव्हा गुलाबभाऊ, बाहेरच्या माणसाला हा शब्द कसा ऐकू येतो ते मला पक्कं ठाऊक होतं. त्याच्याही फार आधीपासून होतं. लहानपणी मी गल्लीतून शिकून घरात "पळलो" म्हणालो की वडील मंत्र सांगायचे थांबायचे. "पळलो नाही. प-ड-लो. जीभ टाळूला लाव." दहा वेळा म्हणवून घ्यायचे. अख्ख्या तालुक्यात ड आणि ळ मधलं अंतर माझ्याइतकं नीट कोणाला शिकवलं गेलं नसेल.

आता तो दिवस.

उत्सवाची मिरवणूक होती. कोणता उत्सव आणि निशाणाचा रंग कोणता, ते मी लिहीत नाही, कारण तुम्ही कधी सांगितलं नाही. लोक तुम्हाला खोदून विचारायचे, तेव्हा तुम्ही म्हणायचे, "रंगाचं काम नाई. त्याच्यावर होतं, म्हून काढलं. माह्या घरच्या देवाचं असतं तरी काढलं असतं." तर दुपारी चारच्या सुमाराला उत्सव समितीतला एक जण माझ्या टेबलाशी आला. माझ्याच गल्लीतला, रोज सकाळी दुधाच्या रांगेत भेटणारा. बरोबर आणखी दोघं होते आणि चादरीत गुंडाळलेला एक लांब बांबू होता.

"पाठकबाबू, गच्चीची चाबी द्या ना. मिरवणुकीचे फोटो घेतो वरून. दहा मिंट."

"फोटोला बांबू कशाला?" हे माझ्या तोंडात आलं होतं. मी विचारलं नाही. जिन्याच्या दाराच्या दोनच चाव्या होत्या. एक तुमच्या कमरेच्या करगोट्याला, दुसरी माझ्या खणात. मी खण उघडला आणि चावी दिली.

का दिली, हे मी स्वतःला किती वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगितलं आहे. गल्लीत राहायचं आहे. दहा मिनिटांचा प्रश्न आहे. नाही म्हटलं तर उद्या तोंड कसं दाखवायचं. हे सगळं खरं आहे आणि पुरेसं नाही. खरं हे की ते निशाण कचेरीवर चढलेलं बघायला मलाही बरं वाटणार होतं. पुस्तक वाचलेला मी. कलम पाठ असलेला मी. अर्ध्या तासानं चावी टेबलावर परत आली, "झालं बरं का, बाबू," मी ती खणात टाकली आणि साडेपाचला घरी गेलो. जाताना वर मात्र पाहिलं. तिरंग्याच्याच खांबाला बांबू बांधला होता आणि त्यावरचं निशाण तिरंग्याच्या हातभर वर होतं. वाऱ्यावर दोन्ही एकाच दिशेनं उडत होती. मला छान वाटलं, गुलाबभाऊ. हे वाक्य लिहायलाच मला इतकी वर्षं लागली.

मावळतीला तुम्ही आलात. पुढचं मी तुमच्याच तोंडून ऐकलं. वरचं निशाण आधी काढायचं, असं तुम्ही ठरवलंत, कारण तिरंगा आधी खाली आणला असता तर तेवढा वेळ सरकारी इमारतीवर एकटं दुसरंच निशाण राहिलं असतं. केवढा बारीक विचार. खाली मिरवणूक फाटकाशी पोचलेली, ढोल चाललेले, आणि तुम्ही वर एकटे बांबूची गाठ सोडताय. तुम्ही ते निशाण काढलं. त्याची घडी घातली, तिरंग्याची घालता तशीच. सदऱ्याच्या आत ठेवलं, हात मोकळे करायला. बांबू खाली ठेवायचा आणि मग तिरंगा उतरवायचा, म्हणून शिडीवर पाय ठेवला. तेवढ्यात खालच्यांनी पाहिलं. आरडाओरडा झाला. तुम्ही दचकलात आणि शिडीवरून गच्चीत आदळलात, पाण्याच्या टाकीच्या मागे. पाठीवर.

कितीतरी वेळ तुम्ही तिथेच निपचित होता. लोक जिना चढून आले, तुम्हाला शोधलं, टाकीमागे कोणी पाहिलं नाही. चौकीदारानं अंधार पडल्यावर तिरंगा उतरवला. तुम्ही शुद्धीवर आलात तेव्हा गच्ची रिकामी होती. जिना उतरून, मागच्या दारानं, भिंत धरत, तुम्ही घरी गेलात. रक्त नाही, हाड मोडलं नाही. मुका मार. वहिनींनी आंबेहळद लावली. मुक्या माराचा कागद होत नाही, त्याचा फोटो निघत नाही. सगळ्या गावाला एवढंच दिसलं की गुलाबरावनं निशाण काढलं आणि पळाला.

समितीचं निवेदन आलं. चौकशी लागली. आरोप दोन: विनापरवानगी निशाण काढून भावना दुखावल्या, आणि सूर्यास्तानंतर राष्ट्रध्वज तसाच सोडून कामाच्या जागेवरून पळ काढला. पहिला आरोप कलमापुढे टिकणारा नव्हता. काढलं ते नियमानंच काढलं होतं. सगळं दुसऱ्यावर होतं. माणूस शिडीवरून पडला असेल तर त्याचा काही दोष नाही, उलट त्याचा सत्कार करायचा. पळाला असेल तर तो दोषी.

जबाब नोंदवायचं काम माझ्याकडे आलं. रेकॉर्डरूममध्ये आपण दोघंच होतो, आणि तुम्ही एका कुल्ल्यावर बसला होता, दुसरा टेकवत नव्हता. तुम्ही सांगत गेलात, मी लिहीत गेलो. शेवटी तुम्ही म्हणालात:

"खाली गेटापाशी गलका झाला. मी घाबरलो, आन् शिडीवरून पळलो. मंग मले काही मालूम नाई."

माझ्या पेनाची निब कागदावर थांबली. थोडाच वेळ. तुम्हाला वाटलं, मी मागे पडलो, म्हणून तुम्ही तेच वाक्य पुन्हा सावकाश सांगितलंत.

त्या थोड्या वेळात मला काय काय दिसलं ते सांगतो. "पडलो" लिहिलं तर तुम्ही सुटता. तुम्ही सुटलात की चौकशी तिथे थांबत नाही. मग बांबू वर कसा गेला, हे विचारलं जातं. कुलूप तुटलेलं नाही. चाव्या दोन. एक तुमच्या कमरेला. आणि "पळलो" लिहिलं तर गुन्हेगार सापडला, फाईल बंद, माझा खण कोणी उघडत नाही.

मी लिहिलं: "खाली फाटकाजवळ गलका झाला. मी घाबरलो आणि शिडीवरून पळलो. त्यानंतरचे मला काही माहीत नाही."

गेटचं मी फाटक केलं. आन् चं आणि केलं. मले चं मला, नाई चं नाही, मालूम चं माहीत. तुमचा सगळा जबाब मी धुऊन, इस्त्री करून, शुद्ध मराठीत मांडला. एक शब्द मात्र जसाच्या तसा ठेवला.

नियमाप्रमाणे वाचून दाखवला. "मी घाबरलो आणि शिडीवरून पळलो." तुम्ही ऐकलंत. कानाला बरोबरच वाटणार. "बराबर हाये," तुम्ही म्हणालात, आणि सही केलीत. आपल्या सहीत तुम्ही ग ला नेहमी लांब शेपूट काढायचे, ती काढलीत. त्या कागदावर कुठे खाडाखोड नाही. कोणी भिंग लावून पाहिलं तरी मला धरता येणार नाही. तेच तर मी साधलं होतं.

सुनावणी अमरावतीला झाली. चौकशी अधिकारी तिकडचे, पुण्याकडचे, वऱ्हाडात येऊन वर्षही झालं नव्हतं. भला माणूस होता, हे तुम्हीही म्हणाला होता. फाईल घेऊन मी बाजूला उभा होतो.

"हा जबाब तुमचाच?"

"हो, साहेब."

"वाचून दाखवला होता?"

"बाबूजीनं पुरा वाचला."

"यात लिहिलंय ते खरं आहे?"

"अक्षर न अक्षर खरं हाये, साहेब."

साहेबांनी तुमच्याकडे जरा दुःखानं पाहिलं. "मग मी आणखी काय विचारू?" म्हणाले आणि फाईल मिटली. मी तिथून दीड हातावर होतो. भिंतीच्या वेळी घाटावरच्या साहेबांना समजावून सांगताना एक क्षण लागला नव्हता. इथेही तेवढाच लागला असता. मी फाईलची लाल फीत बांधत राहिलो.

परतीच्या बसमध्ये तुम्ही खूश होता. तुमची लेक शेंदूरजनाघाटला दिलेली, तिच्याकडची संत्री पिशवीत होती. तुम्ही सोलून फोडी माझ्या हातावर ठेवत होता. "साहेब चांगला भेटला, बाबूजी. जादा काही इचारलंच नाई. खरं बोल्लं का असं ऱ्हाते." मी त्या फोडी खाल्ल्या. सगळ्या.

आदेश आला. पहिल्या आरोपातून मुक्त. दुसऱ्यात, "गलका ऐकून घाबरून शिडीवरून पळून गेल्याचे कर्मचाऱ्याने स्वतः कबूल केले आहे." शिक्षा, ठपका, आणि ध्वजाच्या कामावरून कायमचं कमी. तुमची नेमणूक पाण्याच्या टाकीवर, पंपघरात. तुम्हाला आदेश वाचून दाखवायचं कामही माझंच. मागच्या पायऱ्यांवर बसून वाचला. ठपक्याचं तुम्हाला काही वाटलं नाही. झेंड्याचं वाचलं तेव्हा म्हणालात, "पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचलं.

"मी कवा म्हनलो का मी पळून गेलो?"

मी जबाबाची प्रत पुढे केली. तुम्ही बोटानं ओळ शोधलीत. बोट त्या शब्दावर येऊन थांबलं. "हे तं बराबर हाये. मी पळलोच होतो..." बोट तिथेच राहिलं. कावळे ओरडत होते, नळाचं पाणी बादलीत पडत होतं, आणि मी तुमच्या चेहऱ्यावर अर्थ उतरताना पाहत होतो.

"बाबूजी, तुमी तं आपल्याकडलेच. तुमाले तं मालूम होतं ना, पळलो म्हंजे काय ते?"

"लक्षात नाही आलं, गुलाबभाऊ."

दुसऱ्या दिवशी तुम्ही अपिलाचं विचारलंत. मी म्हणालो, वर्षं लागतील, उलट वाढेल, साहेब लोकांना आपली बोली कुठे समजते. "तुमी म्हनता तं ऱ्हाऊ द्या," तुम्ही म्हणालात. तुमच्या सेवापुस्तकात तो आदेश मी माझ्या हातानं उतरवला. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात.

तुमच्या जागी झेंड्याला दुसरा शिपाई आला. तो पावसात कंटाळा करायचा. मावळतीला तुम्ही पंपघराच्या दारात उभे राहून कचेरीकडे बघायचे. पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी मात्र गुलाबाच्या आणि शेवंतीच्या पाकळ्या रुमालात बांधून माझ्या टेबलावर ठेवायचे, झेंड्याच्या घडीत घालायला. झेंडू नाही, त्यानं गाठ अडते, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. "त्याले द्या. माहं नाव नका सांगू." गावात तुमचं नाव पडलं होतं, पळपुटा झेंडेवाला. बाजारात वहिनी भाजी मांडून बसायच्या, तिथेही कोणी म्हणायचं, "काकू, काका हाये का पळाले?" वहिनी तराजू खाली न ठेवता उत्तर द्यायच्या, "हाये ना. तुले वांगे पाह्यजेत का काका?" लोक हसायचे. तुम्ही ते मला हसत सांगितलंत. मीही हसलो. काय करणार होतो?

निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ झाला. नंतर तुम्ही करगोट्याची गाठ सोडलीत आणि गच्चीची ती चावी माझ्या टेबलावर ठेवलीत. इतकी वर्षं तुमच्याकडून ती परत मागायचं कोणाला सुचलं नव्हतं.

"हे माही चाबी, बाबूजी. दुसरी तुमच्यापाशी हाये."

एवढंच. नेहमीच्या आवाजात. ते साधं चावी सोपवणं होतं की तुम्हाला सगळं माहीत होतं? मी हा प्रश्न घेऊन किती संध्याकाळी काढल्या आहेत. बदली होऊन अमरावतीत आलो, तिथे माझ्या घरासमोर एक सरकारी इमारत आहे. मावळतीला झेंडा उतरतो, मग मोकळी दोरी वाऱ्यावर खांबाला आपटत राहते. टक. टक. बायको म्हणते, खिडकी लावा. खिडकी लावली तरी मला ऐकू येते. दुसरी तुमच्यापाशी हाये. टक. दुसरी तुमच्यापाशी हाये.

अकोल्याला दवाखान्यात मी आलो तो दिवस तुमचा जरा बरा होता. खुब्याचं हाड मोडलेलं, तोंड सुकलेलं, पण नजर खिडकीबाहेर. समोरच्या एका कचेरीवर झेंडा होता आणि सूर्य गेला होता.

"आठ मिंट लेट हाये तो," तुम्ही म्हणालात. थोड्या वेळानं कोणीतरी घाईघाईनं भराभर खाली ओढला. "पाहा. मायले असं ओढते का कोनी?"

मी खुर्ची जवळ ओढली. सांगायचंच म्हणून आलो होतो, सगळं जुळवून आलो होतो. म्हणालो, "गुलाबभाऊ, तो जबाब..."

"कोनता?"

"काही नाही. कसं झालं हे?"

"सकायी न्हानीत गेलो. साबनावर पाय पळला, आन् मी पळलो." आणि तुम्ही थांबलात. माझ्याकडे पाहिलंत. मग ओठ ओले केलेत, जीभ टाळूला लावलीत, आणि फार मेहनतीनं, शाळेतल्या पोरासारखं, म्हणालात, "प-ड-लो. पडलो, बाबूजी."

तुम्ही हसत होता. त्या हसण्यात टोमणा होता की माफी होती, मला कळलं नाही. वहिनी चहा घेऊन आल्या, आणि मी चहा प्यालो.

तेरवीला आलो. जेवणं झाल्यावर वहिनींनी मला आत बोलावलं आणि पेटीतून एक घडी काढली. डांबरगोळ्यांचा वास आला. तेच निशाण. तुम्ही घातलेली घडी, कोपऱ्याला कोपरा लावलेली, इतक्या वर्षांत एकदाही न उलगडलेली.

"हे कोनाचं हाये, बाबूजी? हे म्हनत जात, सांभाळून ठेव, ज्यायचं हाये ते न्यायले येतीन. कोनीच आलं नाई. तुमाले मालूम हाये का?"

मला मालूम होतं. चावी कोणी मागितली, कोणी दिली, बांबू कशात गुंडाळला होता, सगळं मालूम होतं. मी म्हणालो, "विचारून सांगतो, वहिनी." त्यांनी ती घडी पुन्हा पेटीत ठेवली, समारंभपूर्वक म्हणजे काय ते कोणी न सांगता.

गुलाबभाऊ, तुम्ही मला रागावला असता तर बरं झालं असतं. तुम्ही संत्री दिलीत, पाकळ्या दिल्यात, माझ्या भाषेत एक शब्द बोलून दाखवलात. हे मी कुठे ठेवू? तुमच्यामुळे मला कळलं की एखादं काम कोणी बघत नसतानाही कसं करतात. आणि माझ्यामुळे तुमच्या हातून तेच काम गेलं.

तुमचं सेवापुस्तक अजून आपल्या जुन्या कचेरीच्या कपाटात आहे. ती नोंद दुरुस्त करण्यासाठी मी अर्ज लिहिला आहे. त्यात चावीचं आहे, बांबूचं आहे, माझं नाव आहे. तो अजून माझ्या खणात आहे, दिलेला नाही. वहिनींनाही अजून सांगितलेलं नाही.

तुमच्या जबाबात ळ च्या जागी ड लिहायचा होता. तो एक ड मी तुम्हाला अजून देणं आहे.